ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस

ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस ही सायसोरिडी कुलातील, गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका लहान मार्जारमीनाची (कॅटफिशची) जाती आहे. पुण्याच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ सुंदर लाल होरा यांनी १९३८ साली तिचे प्रथम वर्णन केले. नावातील ‘पूनाएन्सिस’ या पदाचा अर्थ ‘पुण्याचा’ असा होतो. उत्तर पश्चिम घाटापुरती मर्यादित असलेली ही जाती नंतर दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. २०११ साली भीमेची उपनदी असलेल्या इंद्रायणीतून तिचा पुनर्शोध प्रसिद्ध झाला. मराठी लेखनात हा मासा शास्त्रीय नावानेच ओळखला जातो.

या माशाच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न केवळ वर्गीकरणतज्ज्ञांच्या कुतूहलाचा नाही. ओढ्यातून हाती आलेला बोटभर मासा हाच आहे की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा, हे ठरल्याशिवाय ही जाती उरली आहे की नष्ट झाली, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

नाव आणि वर्गीकरण

‘ग्लिप्टोथोरॅक्स’ हे प्रजातीचे नाव एडवर्ड ब्लाइथ यांनी १८६० साली दिले. ते ग्रीक भाषेतील ‘कोरलेला’ आणि ‘छाती’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून बनले आहे. माशाच्या छातीखाली कातडीच्या घड्या असतात आणि त्या एखाद्या कोरीव नक्षीसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास ‘जाती’ या अर्थाने वापरला जातो. येथे मात्र ‘प्रजाती’ म्हणजे अनेक जातींचा गट आणि ‘जाती’ म्हणजे त्यातील एक, असा शास्त्रीय भेद पाळला आहे. ग्लिप्टोथोरॅक्स प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत. तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यापासून भारतीय उपखंड, चीन आणि आग्नेय आशियापर्यंत त्यांचा विस्तार आहे. एवढी मोठी प्रजाती, तीही बाह्यरूपाने सारख्या दिसणाऱ्या माशांची, म्हटल्यावर ओळखीत गोंधळ होणे स्वाभाविकच होते.

देशी नावांनी हा गोंधळ सुटत नाही, उलट कधी कधी वाढतो. मुंबईत गिरगाव-ठाकूरद्वार भागातील मासळी घेणारा गिऱ्हाईक ‘शिंगाळा’ म्हणतो तेव्हा त्याला समुद्रातील मार्जारमीन अभिप्रेत असतो. भीमाकाठचा भोई तोच शब्द नदीतल्या एका मोठ्या माशासाठी वापरतो, आणि हा मासा वेगळ्या कुलातील आहे. शास्त्रात त्याचे नाव ‘स्पेराटा सीनघाला’ असे आहे आणि त्यातील ‘सीनघाला’ हा मराठी शब्दाचाच इंग्रजी अमदानीतला उच्चार होय. शिंगटी, शिंगाळा, घोगऱ्या ही नावे माशांचे मोठे गट दाखवण्यास पुरेशी आहेत. परंतु दोन जवळच्या जातींमधील भेद दाखवणे हे त्यांचे कामच नव्हे. ज्या माशाला बाजारभाव नाही त्याला तर बारीक भेद करणारी नावे सहसा पडतही नाहीत.

शरीररचना

ग्लिप्टोथोरॅक्स प्रजातीतील इतर माशांप्रमाणे हाही लहान चणीचा मासा आहे. अंगावर खवले नसतात. डोके चपटे व पोटाची बाजू सपाट असते, त्यामुळे दगडावर तो अंग टेकून राहू शकतो. डोळे लहान असून डोक्याच्या वरच्या भागात असतात. तोंड खालच्या बाजूस उघडते. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात: नाकपुड्यांजवळ एक, वरच्या जबड्याच्या कोपऱ्यांशी एक आणि हनुवटीखाली दोन. जबड्याच्या मिशांचा तळ रुंद असतो आणि त्या डोक्याच्या कातडीशी जोडलेल्या दिसतात.

पाठीवरील पक्षाच्या (पराच्या) आरंभी एक काटा असतो. छातीजवळच्या पक्षांचे काटे अधिक बळकट असून त्यांच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते असतात. पाठीच्या मागील भागात किरण नसलेला, मांसल असा वसापक्ष असतो. शेपटीचा पक्ष दुभंगलेला असतो.

छातीखालचा आसंजक अवयव हे या प्रजातीचे मुख्य लक्षण आहे. हा अवयव म्हणजे छातीच्या कातडीच्या लांबट घड्यांचा एक पट्टा. त्याच्या मध्यभागी बहुधा एक खोलगट जागा असते. घड्यांच्या पृष्ठभागावर केराटिन या द्रव्याचे अतिसूक्ष्म काटे असतात. नख आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात तेच हे द्रव्य. वेगवान प्रवाहात हा मासा दगडाला छाती लावून राहतो तेव्हा हे काटे आणि घड्या मिळून त्याला धरून ठेवतात. पुष्कळांना ही गोष्ट पावसाळ्यात दगडाला चिकटणाऱ्या जळूसारखी वाटते, पण तुलना बरोबर नाही. जळू चूषकाने चिकटते, तर येथे खडबडीत पृष्ठभागावर होणाऱ्या घर्षणाचा वाटा मोठा आहे. डोंगरी प्रवाहातील माशांच्या अशा शरीररचनांवर होरा यांनी १९२२ साली सविस्तर लेखन केले होते आणि तो त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय राहिला.

ओळख

दख्खनच्या नद्यांत मिळणारा मार्जारमीन हाती आल्यास प्रथम त्याचे कुल ठरवावे लागते, आणि ते फार अवघड नसते. मागूरचा पृष्ठपक्ष जवळजवळ पाठभर लांब असतो. शिवड्याच्या कुलातील माशांचा पृष्ठपक्ष अगदी लहान, पण गुदपक्ष फार लांब असतो आणि त्यांना वसापक्ष नसतो. शिंगटी व घोगऱ्या यांच्या कुलात वसापक्ष असतो, पण छाती गुळगुळीत असते. सायसोरिडी कुलातील माशांपैकी बॅगॅरियस यारेली हा मोठा वाढणारा नदीतला शिकारी मासा. त्याच्या छातीवर आसंजक अवयव नसतो आणि शेपटीच्या टोकांना लांब दोरे असतात. त्याच कुलातील गगाटा इचकीया हा लहान मासा कृष्णेच्या खोऱ्यात आढळतो. त्याचे अंग चपटे नसून बाजूंनी दाबल्यासारखे असते आणि त्यालाही हा अवयव नसतो. म्हणजे मासा उलटा करून छातीवर उभ्या घड्या दिसल्या की प्रजाती बहुधा ठरते. जवळच्याच स्यूडेकेनिस या हिमालयाकडील प्रजातीत घड्या आडव्या असतात, पण तिचा महाराष्ट्रात प्रश्न येत नाही.

खरी अडचण यापुढे सुरू होते. महाराष्ट्रातील कृष्णा-भीमा खोऱ्यांतून ग्लिप्टोथोरॅक्सच्या एकाहून अधिक जाती सांगितल्या गेल्या आहेत: लोनाह, पूनाएन्सिस आणि ट्रेवावासी. दक्षिणेकडे भवानी नदीतून वर्णिलेली अ‍ॅनंडेली ही जातीही तुलनेसाठी समोर ठेवावी लागते. या सर्वांचा रंग तपकिरी, बांधा सारखा, आकार लहान. नदीकाठी उभे राहून केवळ वरून पाहणाऱ्याला त्यांत भेद करता येत नाही, आणि जो करता येतो असे सांगतो त्याच्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

अभ्यासक जी लक्षणे तपासतात त्यांत आसंजक अवयवाचा आकार पहिला येतो. तो रुंदीपेक्षा लांब आहे की लांबीपेक्षा रुंद, मधली खोलगट जागा मागच्या बाजूस उघडी आहे की घड्यांनी बंद झालेली, घड्या गळ्यापर्यंत पुढे जातात की छातीवरच थांबतात, हे पाहिले जाते. त्यानंतर कातडी पाहतात. काही जातींत ती गुळगुळीत असते, तर काहींत दाणेदार किंवा बारीक उंचवट्यांची. छातीजवळील व पोटाखालील पक्षांच्या पहिल्या किरणाच्या खालच्या बाजूला घड्या आहेत की नाहीत, हे लक्षण विशेष उपयोगी असते आणि नवशिक्याच्या नजरेतून तेच सर्वांत सहज निसटते. नाकपुडीजवळची मिशी डोळ्यापर्यंत पोहोचते का, पृष्ठपक्षाचा काटा किती बळकट आहे, डोक्यामागील हाडाचा टोकदार भाग पृष्ठपक्षाच्या तळाच्या हाडाला भिडतो का, हेही तपासले जाते.

मोजमापांचा भाग वेगळा. शेपटीच्या पक्षाआधीचा निमुळता भाग, म्हणजे पुच्छदांडा, हा लांबीच्या मानाने किती उंच आहे, डोके शरीराच्या लांबीच्या कितव्या हिश्श्याएवढे आहे, पृष्ठपक्षाचा आरंभ तुंडाच्या टोकापासून किती अंतरावर आहे, अशी अनेक गुणोत्तरे काढली जातात. एका नमुन्यावरून काढलेले गुणोत्तर मात्र फसवे ठरू शकते. वाढत्या वयात डोके आणि धड सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. पिल्लाचा डोळा प्रौढापेक्षा तुलनेने मोठा दिसतो. अंड्यांनी भरलेली मादी अधिक रुंद भासते. फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये बरीच वर्षे ठेवलेला नमुना आकसतो आणि त्याचा रंग जातो, म्हणून जिवंत माशावरचे पट्टे वा ठिपके जुन्या नमुन्यात शोधण्यात अर्थ नसतो. यासाठी लहान-मोठ्या अनेक नमुन्यांची मापे घेऊन त्यांचा पल्ला देण्याची पद्धत आहे. अलीकडे याच्या जोडीला माशाच्या पेशींतील डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून जवळच्या जातींशी ताडून पाहतात. हे साधन प्रभावी आहे, पण ज्या नमुन्याशी ताडायचे त्याचे नावच चुकीचे लिहिलेले असेल तर डीएनए ती चूक सुधारू शकत नाही. तो फक्त दोन नमुने सारखे की वेगळे एवढे सांगतो.

म्हणून शेवटी सर्व काही प्ररूप नमुन्यावर येऊन थांबते. नव्या जातीचे वर्णन करताना अभ्यासक एक नमुना त्या नावाचा धारक म्हणून नेमतो आणि तो संग्रहालयात कायमचा ठेवला जातो. तो जेथून मिळाला ते प्ररूपस्थळ. पुढे कोणी शंका घेतली तर तिचा निकाल वर्णनातील शब्दांवरून नव्हे, तर त्या नमुन्यावरून लागतो. घरातील सोने पारखताना सराफ जसा कसोटीचा दगड काढतो, तसाच हा व्यवहार आहे. कसोटीच हरवली तर काय होते, हे याच माशाच्या नात्यातील दुसऱ्या एका जातीच्या इतिहासात दिसते.

साइक्स, डे आणि होरा

दख्खनच्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी केले. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर असताना त्यांनी मुळा-मुठा, भीमा आदी नद्यांतील मासे पाहिले, काहींची चित्रे करवून घेतली आणि १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात चाळीसहून अधिक जातींची वर्णने दिली. सविस्तर लेख १८४१ मध्ये सचित्र प्रसिद्ध झाला. साइक्स यांची एक सवय मराठी वाचकाला आवडण्याजोगी आहे. स्थानिक लोक माशाला जे नाव देत, तेच त्यांनी अनेकदा लॅटिन वेष चढवून जातीचे नाव म्हणून घेतले. सीनघाला, सीनग्टी, गोग्रा, टाक्री ही सर्व नावे अशी शास्त्रात गेली. छातीवर घड्या असलेल्या एका लहान माशाला त्यांनी ‘लोनाह’ म्हटले.

साइक्स यांची वर्णने त्यांच्या काळाच्या रीतीने त्रोटक आहेत. त्यांनी वर्णन केलेल्या बहुतेक जातींचे प्ररूप नमुने आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. त्यामुळे लोनाह म्हणजे नेमका कोणता मासा, हा प्रश्न उघडा राहिला. मद्रास इलाख्यातील शल्यवैद्य आणि भारतीय माशांवरील मोठ्या ग्रंथाचे कर्ते फ्रान्सिस डे यांनी १८७०च्या दशकात या जातीला ग्लिप्टोस्टर्नम प्रजातीत ठेवले. त्यानंतर ज्याला ज्याला दख्खनमध्ये छातीवर घड्या असलेला मासा मिळाला, त्याच्यापुढे लोनाह हे एकच तयार नाव होते. एका नावाखाली अनेक मासे जमा होण्याची सोय अशी झाली.

हा गुंता सोडवण्याचे काम होरा यांनी हाती घेतले. सुंदर लाल होरा (१८९६–१९५५) यांचा जन्म आजच्या पाकिस्तानातील हाफिझाबाद येथील. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत काम करीत आणि १९४७ पासून तिचे संचालक होते. १९३८ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात त्यांनी ग्लिप्टोस्टर्नम लोनाहचे वर्गीकरणातील स्थान या विषयावर लेख लिहिला आणि त्यासोबत जवळच्या जातींची चर्चा केली. मुळा-मुठेतील मासा लोनाहपासून वेगळा आहे असे त्यांनी दाखवले आणि त्याला पूनाएन्सिस हे नाव दिले. साताऱ्याकडील वेण्णा खोऱ्यातील आणखी एका जातीला ब्रिटिश संग्रहालयातील मत्स्यतज्ज्ञ एथेलविन ट्रेवावास यांच्या सन्मानार्थ ट्रेवावासी हे नाव मिळाले. त्याआधी, १९२३ मध्ये, होरा यांनी भवानी नदीतील जातीला आपले ज्येष्ठ सहकारी नेल्सन अ‍ॅनंडेल यांचे नाव दिले होतेच.

होरा यांच्या कामाचे मोल दोन नवी नावे मिळाली यापुरते मानणे अपुरे ठरेल. एका जुन्या नावाखाली जमा झालेला संशय त्यांनी लक्षणवार मांडला आणि ‘हा मासा तो नव्हे’ असे म्हणण्याचा आधार पुढच्यांना दिला, ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

नोंदींची पोकळी आणि पुनर्शोध

पुण्याच्या नद्यांतील माशांच्या याद्या नंतरही होत राहिल्या. ए. जी. एल. फ्रेझर यांची ‘फिश ऑफ पूना’ ही लेखमाला १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात आली. तोणपी आणि मुळहेरकर यांची यादी १९६३ची. २००३ साली पुणे जिल्ह्यातील माशांच्या रचनेत दीर्घ काळात झालेल्या बदलांवर ‘करंट सायन्स’मध्ये लेख प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मुळा व मुठा नद्यांतील माशांची स्वतंत्र यादीही निघाली. अशा याद्या शेजारी ठेवल्या की नदीचा एक प्रकारचा जमाखर्च दिसतो. मात्र यादीत नाव असणे आणि नमुना जपून ठेवलेला असणे या भिन्न गोष्टी आहेत. नमुना असेल तर पन्नास वर्षांनी कोणी भिंग घेऊन नाव तपासू शकतो. नुसत्या नावाच्या बाबतीत लेखकाच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते. छातीवरच्या घड्यांवरून ओळखायच्या माशांच्या बाबतीत ही उणीव फारच जाणवते.

पूनाएन्सिसची अडचण दुहेरी होती. जाती स्वतंत्र आहे का याविषयी खात्री हवी असेल तर प्ररूपस्थळावरून नवे नमुने मिळवणे हा सरळ मार्ग. पण प्ररूपस्थळ म्हणजे पुणे शहरातून वाहणारी मुळा-मुठा. ज्या नदीत हा मासा होरा यांच्या काळी मिळाला, तिच्या काठी दरम्यान महानगर उभे राहिले होते.

२०११ साली नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात या जातीचा पुनर्शोध जाहीर केला. हे नमुने इंद्रायणी नदीतील होते. इंद्रायणी लोणावळ्याच्या परिसरात उगम पावते आणि देहू व आळंदीवरून जाऊन तुळापूर येथे भीमेला मिळते. मुळा-मुठाही पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे दोन्ही नद्या एकाच खोऱ्याच्या शाखा आहेत आणि इंद्रायणीत तोच मासा असणे भूगोलाला धरून आहे.

‘पुनर्शोध’ हा शब्द वाचून मासा मधल्या काळात कोठेतरी नाहीसा झाला होता, असे वाटण्याचा संभव आहे. तसे समजण्याचे कारण नाही. मासा आपल्या ओढ्यात होता. त्याला योग्य नावाने ओळखणारी नजर तेथे पोहोचायला वेळ लागला.

अधिवास आणि धोके

छातीखालचा अवयव ज्या परिस्थितीसाठी घडला आहे ती परिस्थिती म्हणजे वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि गोटे-खडकांचा तळ. यांपैकी एक गोष्ट गेली तरी माशाचा निभाव लागणे कठीण होते. धरणाच्या फुगवट्यात पाणी साचते आणि तळावर गाळ बसतो. दगडांमधील फटी गाळाने भरल्या की चिकटायला स्वच्छ पृष्ठभाग उरत नाही आणि या माशांचे खाद्य असलेल्या कीटकांच्या अळ्याही कमी होतात. रेती व गोटे उपसल्याने तळच जातो. सांडपाण्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटतो. तिलापिया, गप्पीसारखे बाहेरून आणलेले मासे पुण्याच्या नद्यांत स्थिरावले आहेत, हेही विसरता येत नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जाती ‘संकटग्रस्त’ वर्गात नोंदवलेली आहे. मोठ्या, खाण्याच्या माशांप्रमाणे तिच्या घटीची तक्रार करणारा कोळी वा भोई नाही, कारण तिला बाजार नाही. त्यामुळे तिची वाढ-घट कळण्याचा मार्ग एकच राहतो: नमुना घेऊन, उलटा करून, छाती पाहून नोंद करणे.

विद्यार्थी किंवा हौशी निरीक्षक अशा माशाचे छायाचित्र घेतात ते बहुधा वरून. ओळखीसाठी ते जवळजवळ निरुपयोगी असते. ओल्या हाताने मासा क्षणभर उलटा करून, किंवा पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवून खालून घेतलेले चित्र, सोबत मोजपट्टी, स्थळ, दिनांक आणि प्रवाहाच्या तळाचे वर्णन एवढे असले की तज्ज्ञाला निदान प्रजाती निश्चितपणे सांगता येते आणि आसंजक अवयवाचा आकार पाहता येतो. जाती ठरवण्यासाठी मात्र नमुनाच लागतो, आणि तो गोळा करणे हे परवानगीने काम करणाऱ्या अभ्यासकांचे काम आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डी येथे, म्हणजे इंद्रायणी आणि मुळा या दोन्ही नद्यांपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी आहे.